आकाश निरभ्र, काच ओली

मागच्या प्रकरणापर्यंत आपला माउंट ध्रुवाशी जुळला, फोकस साधला, गायडिंग सुरू झाले आणि कॅमेऱ्याने तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम घ्यायला सुरुवात केली. इथून पुढे माणसाला फारसे काम उरत नाही. थर्मासमधला चहा निघतो, गप्पा रंगतात, आणि नेमकी याच वेळेत रात्र हातची जाते. ढग आले तर मान वर करताच दिसतात. वारा सुटला तर कानांना कळतो. दव मात्र चाहूल लागू देत नाही. सहज म्हणून दुर्बिणीच्या तोंडाशी टॉर्च न्यावा तर काच दुधाळ झालेली असते, आणि लॅपटॉप इमानेइतबारे फ्रेमवर फ्रेम साठवत असतो.

महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रकाराला हा ताप ऐन हंगामात होतो. जून ते सप्टेंबर पावसामुळे दुर्बीण पेटीतच असते. ऑक्टोबरात आकाश उघडते तेव्हा जमीन ओली असते, गवत हिरवे असते, ओढे वाहत असतात. देवयानी दीर्घिका, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ ही सगळी बडी मंडळी ऑक्टोबर ते जानेवारी याच काळात वर चढलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये देशावरची हवा कोरडी होते आणि सिंह-कन्येतल्या दीर्घिकांचे फोटो बरेचसे बिनघोर काढता येतात. पण तोवर मृग पश्चिमेला कललेला असतो. वांगणी-नेरळच्या पट्ट्यात किंवा घाटाखाली कोकणात रात्र काढणाऱ्याने तर दव गृहीतच धरावे.

दव वरून पडते की जमिनीतून वर येते, यावर युरोपात बराच काळ वाद चालू होता. तो निकालात काढला विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने. जन्म अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा, डॉक्टरकी लंडनची. शहराजवळच्या एका बागेत तो रात्र-रात्र जागून सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके वेगवेगळ्या जागी ठेवी आणि किती पाणी धरले ते तोलून पाही. उंचावर आडव्या ठेवलेल्या फळीवरच्या पुंजक्यात पाणी जास्त सापडे, फळीखालच्यात कमी. एवढ्यावरून दव पावसासारखे वरून पडते असेही कोणी म्हणू शकले असते. म्हणून त्याने भाजलेल्या मातीचा, वरून उघडा असलेला नळा गवतावर उभा केला आणि त्याच्या आत एक पुंजका ठेवला. दव वरून पडत असते तर वारा नसलेल्या रात्री नळ्यातला पुंजका बाहेरच्याइतकाच भिजायला हवा होता. तो फार कमी भिजला. फरक एवढाच होता, की नळ्यातल्या लोकरीला आकाशाचा डोक्यावरचा तुकडा तेवढा दिसत होता आणि बाहेरच्या लोकरीला सगळे आकाश.

वेल्सने तापमापक लावून दाखवले, की गवत आधी हवेपेक्षा थंड होते आणि मग त्यावर दव धरते. १८१४ मध्ये त्याचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले. या निबंधात आपल्याकडच्या बर्फाचाही विचार आहे. हिंदुस्थानात मातीच्या उथळ ताटल्यांत पाणी भरून, खाली वाळलेला पेंढा किंवा उसाची चिपाडे अंथरून, थंडीतल्या स्वच्छ आणि निवांत रात्री बर्फ धरवत असत. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही ताटलीतले पाणी गोठे. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये याचे वर्णन लिहून ठेवले होते. वेल्सने त्याचे कारण सांगितले: पाण्यातली उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाते.

आपल्या दुर्बिणीच्या भिंगाचे नेमके हेच होते. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. भोवतालच्या भिंती, झाडे, ढग तितकीच उष्णता परत करतात, म्हणून हिशेब जुळतो. स्वच्छ आकाश मात्र फार थोडी परत करते, कारण ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास वातावरण पारदर्शक आहे आणि त्या वाटेने उष्णता थेट अवकाशात जाते. झाडाखाली लावलेल्या स्कूटरची सीट पहाटे कोरडी आणि उघड्यावर लावलेलीची ओलीचिंब, हे आपण रोज बघतो. काच अवरक्त किरण टाकण्यात तरबेज आहे, चकचकीत धातू तितका नाही. त्यामुळे दुर्बिणीची नळी कोरडी असतानाही भिंग ओले झालेले आढळते. थोडक्यात, ज्या निरभ्र, काळ्याभोर आकाशासाठी शंभर किलोमीटर गाडी हाकत आलो, तेच आकाश आपली काच थंड करत असते. आकाश जितके चांगले, तितका धोका जास्त.

आता आकडे पाहू, कारण आकडे पाहिल्यावर घाबरण्यासारखे फारसे उरत नाही. स्वच्छ रात्री आकाशाकडे तोंड करून असलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे साधारण ५० ते १०० वॅट गमावतो. आठ इंची दुर्बिणीच्या पुढच्या काचेचे क्षेत्रफळ चौरस मीटरच्या तिसाव्या हिश्श्याइतके. म्हणजे ही काच उणी-अधिक दोन-तीन वॅट गमावते. सगळी लढाई एवढ्यासाठीच आहे.

दुसरा आकडा दवबिंदू तापमानाचा, जे आपण शाळेत शिकून विसरलेलो असतो. समजा सूर्यास्ताला हवा २८ अंश सेल्सियस आहे आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. या हवेचे दवबिंदू तापमान साडेसोळाच्या आसपास येते. मध्यरात्रीनंतर हवा २० अंशांवर उतरली, की बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. आता काच हवेपेक्षा साडेतीन अंशांनी थंड झाली की तिच्यावर दव धरणार, आणि निवांत रात्री उघड्या काचेला साडेतीन अंश म्हणजे काहीच नाही. मैदानात मोबाइलवर करता येण्यासारखा ठोकताळा असा: दमट हवेत १०० मधून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा. उत्तर येईल तितक्या अंशांनी दवबिंदू हवेच्या खाली आहे. हे उत्तर चारच्या खाली उतरले की हीटर चालू झालेला असलाच पाहिजे.

दव धरलेली फ्रेम ओळखायची कशी? पहिला बळी बहुधा मुख्य दुर्बिणीचा नसतो. गाइडस्कोपचे आणि शोधक दुर्बिणीचे भिंग लहान असते, त्यात उष्णता साठवायला वस्तुमान कमी, त्यामुळे ते आधी ओले होते. गाइड तारा फिकट होतो, आलेख उड्या मारू लागतो, आणि माणूस माउंटच्या गिअरला दोष देत बसतो. दोन तास सुरळीत चाललेले गायडिंग विनाकारण बिघडले तर स्क्रू पिळण्याआधी गाइडस्कोपच्या तोंडावर टॉर्च मारावा.

मुख्य प्रतिमेतली खूण म्हणजे तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे वलय. दवाचा प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटे वेडेवाकडे भिंग; ते ताऱ्याचा प्रकाश भलतीकडे फेकते. तारा फुगतो, भोवती मऊ प्रभा पसरते, मंद तारे एकेक करून नाहीसे होतात. सगळ्या फ्रेम एकामागून एक झरझर पाहिल्या की गोष्ट उघडी पडते. पातळ ढगही असेच वलय देतात, पण ढग येतात आणि जातात. मधल्या चार फ्रेम खराब, पुढच्या पुन्हा स्वच्छ. फोकस सरकला तर तारा जाड होतो, पण त्याभोवती धूसर प्रभा नसते. दवाचा आजार मात्र दर फ्रेमला वाढतच जातो. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरसारखी फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची संख्या मोजून देतात. संख्या उतरणीला लागली आणि परत वर आलीच नाही, तर समजावे.

कृत्तिकांच्या बाबतीत मात्र भले-भले फसतात. या ताऱ्यांभोवती खरोखरच निळसर धूळ आहे, ताऱ्यांच्या उजेडाने चमकणारी. ती टिपणे हा नवशिक्याच्या दृष्टीने मोठा पराक्रम असतो, आणि दवाने ओली झालेली काच हा पराक्रम फुकटात मिळवून देते! सातही ताऱ्यांभोवती सुंदर मऊ प्रभा, फोटो लगेच सगळ्या ग्रुपवर. तपासायचे असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. खऱ्या धुळीत रेघा असतात, विणल्यासारखा पोत असतो, आणि ती मेरोपी या ताऱ्याच्या दक्षिणेला सर्वांत दाट आहे. दवाच्या प्रभेला पोत नसतो. ती प्रत्येक ताऱ्याभोवती गोल आणि ताऱ्याच्या तेजाच्या प्रमाणात असते. दुसरे, अ‍ॅटलास या ताऱ्याकडे पाहावे. तो चांगला तेजस्वी आहे, पण त्याच्याभोवती धूळ नगण्य. अ‍ॅटलासही मेरोपीसारखाच झुळझुळीत दिसत असेल तर ते दव.

मृगाच्या पट्ट्यातल्या अल्निटाकचे वलय उलट्या बाजूने फसवते. त्याच्या शेजारी घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा प्रसिद्ध काळा तेजोमेघ आहे, त्यामुळे हा तारा चौकटीत येतोच. त्याच्याभोवती कधीकधी दवाशिवायही एक तबकडी दिसते. ती फिल्टर आणि सेन्सरमधल्या परावर्तनाची. तिला बऱ्यापैकी स्पष्ट कड असते आणि ती पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तशीच राहते. तिच्यासाठी हीटर विकत घेऊन उपयोग नाही.

ओल्या फ्रेम नंतर संगणकावर सुधारता येतील, या भरवशावर राहू नये. स्टॅकिंगमधली छाटणी एखाद-दुसऱ्या फ्रेममध्ये आलेली उपग्रहाची रेघ काढून टाकते, कारण ती बाकीच्यांत नसते. दव अर्ध्या फ्रेममध्ये असेल तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो अपवाद राहत नाही. फ्लॅट फ्रेमही इथे कामाच्या नाहीत. जागेवर बसून राहिलेल्या धुळीच्या कणांची सावली त्या काढतात. दव दर मिनिटाला बदलते. पार्श्वभूमीचा चढ-उतार सपाट करणारी साधने वलयाला हात लावताना तेजोमेघाच्या कडाही खातात. तेव्हा जीव घट्ट करून ओल्या फ्रेम फेकून द्याव्यात. चार तासांच्या ओल्या-कोरड्या मिसळीपेक्षा दोन तासांचे कोरडे काम केव्हाही सरस.

आणि काच पुसू नये. रुमालाने तर नाहीच, टिश्यूनेही नाही. दवात धूळ मिसळलेली असते, लेपावर ओरखडे पडतात, शिवाय काच अजून थंडच असल्यामुळे थोड्याच वेळात दव पुन्हा हजर होते. बारा व्होल्टचा हेअर ड्रायर तात्पुरता इलाज आहे. लांबून, मंद झोताने. नंतर फोकस पुन्हा तपासावा लागतो.

खरा इलाज दव धरण्याआधीचा. सुरुवात जागेपासून होते. थंड हवा जड असते, उतारावरून घरंगळत दरीत साचते. म्हणून खोलगट जागा, तळ्याचा काठ, दाट गवत टाळून उताराचा मध्य किंवा पठार धरावे. झुळूक असेल तर दव कमी धरते, कारण वाहती हवा काचेला उष्णता परत देत राहते. लांब नळीच्या दुर्बिणीला तीच झुळूक हलवते, हा भाग वेगळा.

दुसरा उपाय म्हणजे ड्यू शील्ड, अर्थात वेल्सचा मातीचा नळा. दुर्बिणीच्या तोंडापुढे भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांबीचे नळकांडे लावले, की भूमितीच्या हिशेबाने काचेला दिसणारे आकाश जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येते. यासाठी महागडी वस्तू लागत नाही. काळी योगा मॅट कापून, गुंडाळून, वेल्क्रोने चिकटवली की काम झाले. पत्र्याचे नळकांडे तितके बरे नाही, कारण पत्रा लवकर थंड होतो आणि मग काचेला तोच थंडावा दिसत राहतो. रुंद कोनाच्या लेन्सला लांब शील्ड लावता येत नाही, चौकटीचे कोपरे काळे पडतात. न्यूटनी दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने त्याला शील्ड आयतीच मिळालेली असते. तिथे तोंडाजवळचा दुय्यम आरसा सांभाळावा लागतो. सर्वांत हाल श्मिट-कॅसेग्रेनवाल्यांचे. त्यांची पातळ काच अगदी पुढे, उघड्यावर.

कोकणात आणि घाटात शील्ड काही तास थोपवून धरते, रात्रभर नाही. तिथे हीटरचा पट्टा लागतो. तो नळीभोवती, भिंगाच्या अगदी लगत बांधायचा. सोल्डरिंग येत असेल तर घरीही होतो: ३३० ओहमचे, एक वॅट क्षमतेचे रोधक समांतर जोडत जायचे. १२ व्होल्टवर प्रत्येक रोधक ०.४४ वॅट देतो. वीस जोडले की पावणेनऊ वॅटच्या आसपास. मघाचे दोन-तीन वॅट आठवत असतील तर हे जास्त वाटेल, पण पट्ट्याची बरीचशी उष्णता नळीत आणि हवेत वाया जाते. यावर पट्टा बाहेरून फोमने झाकणे हा बिनखर्ची उपाय आहे आणि बहुतेक जण तो विसरतात. ७ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापर्यंत वापरली तर असा पट्टा पावणेपाच तास चालतो.

लोक हीटर पूर्ण ताकदीने सोडून देतात, तेही बरोबर नाही. काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहिली की पुरे. जास्त तापवली तर काचेसमोर गरम हवेचे लोट उठतात आणि तारे पुन्हा फुगतात, यावेळी आपल्याच कृपेने. म्हणून कंट्रोलर घ्यावा आणि कमीत कमी पातळीवर ठेवावा. हीटर अर्धा तास आधी चालू करावा आणि नळी स्थिरावल्यावर फोकस करावा. मैदानात घरगुती विजेचे एक्स्टेंशन बोर्ड ओल्या गवतावर टाकणे हा जिवाशी खेळ आहे. हे सगळे बॅटरीवर चालवावे.

थंड केलेल्या कॅमेऱ्याची कथा निराळी. त्यातला सेन्सर उणे १० अंशांवर असतो, म्हणजे कोणत्याही दवबिंदूच्या कितीतरी खाली. तो कोरडा राहतो तो केवळ बंद कप्प्यातल्या कोरड्या हवेमुळे. कप्प्यातल्या शोषक गोळ्या दमल्या की सेन्सरवर हिमाचे कण धरतात आणि चित्रात रेखीव काळे डाग किंवा पाकळ्या उमटतात. डाग मोठा, धूसर आणि मधोमध असेल तर दव सेन्सरवर नसून पुढच्या खिडकीवर आहे, कारण सेन्सरपासून जितके दूर तितकी सावली पसरट. खिडकीसाठी कॅमेऱ्यातला हीटर चालू करावा. गोळ्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे भाजून किंवा बदलून घ्याव्यात. एप्रिलच्या उकाड्यात उणे १० चा हट्ट धरण्यापेक्षा शून्यावर समाधान मानावे.

या दुखण्यातून अवकाशातल्या दुर्बिणीही सुटलेल्या नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेची यूक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये निघाली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर दव कुठले, पण निघतानाच यानात अडकलेली आर्द्रता हळूहळू सुटत गेली आणि आरशांवर बर्फाचा थर धरला, जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतका पातळ. नोव्हेंबरात येणारा प्रकाश घटल्याचे लक्षात आले. मार्च २०२४ मध्ये एकच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांपर्यंत तापवला आणि दुर्बिणीला १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला. पुसायला तिथे कोणी जाऊ शकत नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले.

रात्र संपली तरी दव संपत नाही. थंड झालेली दुर्बीण उबदार, दमट घरात आणून लगेच उघडली की आत-बाहेर सगळीकडे पाणी धरते. उलट, मुंबईकर वातानुकूलित गाडीतून लेन्स काढून थेट मैदानात उघडतात, तिथेही तेच. दोन्ही वेळी झाकण लावून, पिशवी बंद ठेवून तिला भोवतालच्या तापमानाला येऊ द्यावे. मात्र हा नियम कोरड्या काचेचा. काच मैदानातच ओली झाली असेल तर घरी तापमान जुळल्यावर झाकणे काढून, तोंड खाली करून पंख्याखाली पूर्ण सुकवावी आणि मगच पेटीत घालावी. ओली काच बंद पेटीत म्हणजे बुरशीला आमंत्रण. बुरशीची जाळी आधी लेप खाते, मग काच, आणि काचेवर उठलेली खूण साफ करून जात नाही. मे संपता संपता पेटी एकदा उघडा, आतला आर्द्रतामापक ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये आहे का पाहा, निळे सिलिका जेल गुलाबी झाले असेल तर बदला, आणि मगच पावसाळ्यासाठी झाकण लावा.